एक ‘यू’ जास्त

आमची सून धारवाडची. लग्न होऊन आली तेव्हा सोबत गुरेळ्ळु चटणीचा डबा होता. ‘अगं, ही तर आमची कारळ्याची चटणी,’ मी म्हटलं आणि तिथेच आमचं जमलं. पुढे तिने घरातूनच चटण्या विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘कारगुर’. अर्धं माझ्या कारळ्यातलं, अर्धं तिच्या गुरेळ्ळुतलं. मोटारदुरुस्तीचं दुकान वाटतं, असं आमच्या ह्यांचं मत. पण चटणी खपू लागली.

इंटरनेटवरचं दुकान थाटून दिलं माझ्या मैत्रिणीच्या मुलाने. हुशार पोरगा, आमच्याच गल्लीतला. वर्षभराने पैशांवरून कुरबुर झाली आणि त्याने काम सोडलं. मग एका संध्याकाळी हुबळीहून एका बाईंचा फोन. चटणी खवट निघाली म्हणून त्यांनी मला चांगलंच सुनावलं. पाकिटाचा फोटो मागवला. सून बघतच राहिली. ‘अत्ती, इदु नम्दल्ल.’ खरंच, पाकीट आमचं नव्हतं. इंग्रजी नावाच्या शेवटी एक ‘यू’ जास्त होता. कारगुरू! त्या नावाचा डॉट कॉम उघडून पाहिला, तर खाली मोबाइल नंबर त्याच पोराचा.

रात्रभर झोप नाही. त्याच्या आईशी माझी तीस वर्षांची मैत्री. बाळंतपणात तिने मला डबे पोचवलेले.

ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रारी होतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हटलं, आपणही तिथेच जाऊ. आमच्या ओळखीचे टिळकवाडीतले वकील हसले. म्हणाले, ‘वहिनी, तो पोरगा काय बाजारावर राज्य करतो?’ मग त्यांनी समजावलं. स्पर्धा कायदा 2002 चा, त्यातली महत्त्वाची कलमं लागू झाली मे 2009 मध्ये. व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव ठरवले, किंवा बाजार मुठीत असलेल्याने त्या ताकदीचा गैरवापर केला, तर आयोग बघतो. शेजारी दुसरं दुकान उघडलं म्हणून आपलं गिऱ्हाईक कमी झालं, तर त्याला आयोग काही करत नाही; उलट अशी दुकानं उघडावीत म्हणूनच तो आहे.

त्यांनी गूगलचं उदाहरण दिलं. मॅट्रिमोनी डॉट कॉम आणि कट्स ही ग्राहकसंस्था यांच्या तक्रारींवरून आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये गूगलला 135.86 कोटींचा दंड ठोठावला. शोधाच्या निकालांत स्वतःच्या सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल. पण आमचं नाव शोधणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती दाखवतात, हीही एक तक्रार होती. जाहिरातींच्या त्या भागात आयोगाला कायद्याचा भंग दिसला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची नावाची तक्रार तिथे टिकली नाही, तिथे आमच्या चटणीचं काय!

‘मग नावाला वाली कोण?’ मी विचारलं.

तर तो आपल्या बेंगळूरच्याच कोर्टात उभा राहिलेला निघाला. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्या नावातली अक्षरं जुळवून ‘सिफी’ हे नाव घडवलं, 1999 मध्ये त्या नावाचे इंटरनेटवरचे पत्ते घेतले. 2001 पासून दुसऱ्या एकाने एक ‘एफ’ वाढवून तसेच पत्ते घेतले. बेंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. डोमेन नावांच्या तंट्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, हा जो जुना नियम खडेबाजारातल्या पाटीला, तोच या पत्त्यालाही लागू, असा त्या निकालाचा अर्थ. त्यांचा एक ‘एफ’, आमचा एक ‘यू’. माझ्या जिवात जीव आला.

एवढ्यात वकिलांनी विचारलं, ‘तुमचा स्वतःचा पत्ता कुणाच्या नावावर आहे?’

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तोही त्या पोराच्याच नावावर! घराचा उतारा दहा वेळा तपासणारी माणसं आम्ही. पण हे विचारायचं असतं, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. त्याने वर्षाची फी भरली नसती, तर ते नाव कुणीही उचललं असतं.

सून म्हणाली, नोटीस पाठवू. मी म्हटलं, आधी मी जाऊन येते. मैत्रीण चहा टाकता टाकता म्हणाली, ‘तुमचं नाव कुठे घेतलंय त्याने? त्यात यू जास्त आहे की.’ मी चहा न घेताच उठले. नोटीस गेली. त्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली नाही, मीही गेले नाही. पोराने मात्र महिन्याभरात आमचा पत्ता सुनेच्या नावावर करून दिला, कारगुरू बंद केलं. सुनेने ट्रेडमार्कचा अर्जही भरला.

आता तो स्वतःच्या नावाने चटण्या विकतो, तेही आमच्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त. त्यावर तक्रार कसली करणार? गेल्या संक्रांतीला मैत्रीण आली. तिळगुळासोबत त्याच्या जवसाच्या चटणीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि दुसरीकडेच बघत बसली. सुनेने चिमूटभर तोंडात टाकली. ‘मीठ जास्त,’ म्हणाली. मग पाकीट उलटं करून किंमत वाचली आणि आत जाऊन वही काढून बसली.