‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील पहाट

शेक्सपिअरने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लिहिले ते १५९५च्या सुमारास. त्या काळी लंडनची सार्वजनिक नाट्यगृहे माथ्यावर उघडी असत आणि प्रयोग दुपारी होत. हातात पेटलेली मशाल घेऊन नट आला की प्रेक्षकाने रात्र मानायची. उरलेला अंधार भाषेने पसरायचा. ही साधी वस्तुस्थिती विसरली, की या नाटकातील प्रकाशप्रतिमा केवळ अलंकरण वाटू लागतात.

कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात प्रकाश ही या नाटकाची प्रधान प्रतिमा असल्याचे दाखवून दिले. त्यातून पुढे प्रकाश म्हणजे प्रेम आणि अंधार म्हणजे मृत्यू, अशी सोपी वाटणी विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत स्थिरावली. संहिता ही वाटणी मानत नाही. व्हेरोनातील रक्त सांडते ते उन्हात, भर रस्त्यात. मर्क्युशिओ मरतो तो दुपारच्या काहिलीत. सूर्य हा इथे घराण्यांचा, गावाचा, चारचौघांच्या डोळ्यांचा आहे. प्रेमिकांच्या वाट्याला येतो तो लहान आणि क्षणिक उजेड : मशालीचा, ताऱ्यांचा, विजेचा. लखलखली म्हणेपर्यंत वीज नाहीशी होते, ही ज्युलिएटची भीती सज्जातल्या भेटीतली आहे. रोमिओ मेल्यावर त्याचे तारे करावेत, म्हणजे जग सूर्याला पुजणे सोडील, अशी याचना ती पुढे रात्रीजवळ करते, तेव्हा टिबल्ट मारला गेला आहे आणि रोमिओला हद्दपारीची शिक्षा झाली आहे. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, तिला नसते. त्या अज्ञानामुळे प्रतिमेला जी धार चढते, ती नुसत्या काव्यगुणाने चढली नसती.

या साऱ्याचा कस लागतो तो तिसऱ्या अंकातील पहाटेच्या प्रवेशात. बाहेर पक्षी गातो आहे. तो नाइटिंगेल असेल तर अजून रात्र आहे. लार्क असेल तर उजाडले, आणि रोमिओ मँटुआला न निघाला तर त्याचा जीव जाईल. डाळिंबाच्या झाडावर रोज गाणारा तो नाइटिंगेलच, असा हट्ट ज्युलिएट धरते. नावात काय आहे, असे सज्जातून विचारणारी मुलगी ती हीच. आता पक्ष्याच्या एका नावावर तिच्या पतीचे प्राण टांगलेले आहेत. रोमिओ तिच्या शब्दाखातर मरायला तयार होतो, तेव्हा मात्र लार्क हे नाव तिला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते. प्रेमाच्या भाषेने जगाच्या भाषेपुढे पत्करलेली ही पहिली हार.

मराठी भाषांतरकाराला इथे नेमकी ठेच लागते. लार्कला चंडोल आहे. नाइटिंगेलसाठी बुलबुल हाताशी येतो, तो फारसी-उर्दू काव्याच्या पुण्याईवर. पण आपल्या अंगणातला बुलबुल हा दिवसाचा पक्षी, पहाट फुटताच बोलू लागणारा. तो ज्युलिएटच्या तोंडी घातला की तिचा युक्तिवाद जागीच कोसळतो : ती ‘बुलबुल’ म्हणते आणि मराठी कानाला उजाडल्याचे कळते. रात्री ओरडणारा पावशा घ्यावा, तर त्याच्या ‘पेरते व्हा’ने शेतकरी जागा व्हायचा. पक्ष्यांची नावे मूळचीच ठेवून त्यांची वेळ संवादातून सुचवणे, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. प्रतिमेत रूपापेक्षा प्रहर महत्त्वाचा असू शकतो, हे या अडचणीतून जितके उमगते तितके कोणत्याही सिद्धान्तचर्चेतून क्वचितच.

शेवटच्या प्रवेशात मशाली पुन्हा येतात. पॅरिस आपली मशाल विझवायला सांगतो. रोमिओ ती घेऊन थडग्यात उतरतो आणि ज्युलिएटच्या रूपाने त्याला ते उजळलेले दिसते. ती जिवंत आहे, हे तिच्या गालांवरची लाली सांगत असते. तो ती लाली पाहतो, तिच्याविषयी बोलतोही, आणि विष पितो. हे विष घेताना त्याने चाळीस डकट मोजले होते आणि औषधविक्याला बजावले होते, की खरे जहाल विष म्हणजे हे सोनेच.

नाटक संपताना दोन्ही बाप मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवतात. तडजोडीच्या बोलण्यातही चढाओढीचा सूर सुटलेला नाही. बाहेर उजाडले आहे, पण सूर्य दिसत नाही. तो दिसेल तेव्हा ते पुतळे झळकतील, भर गावात, चारचौघांच्या डोळ्यांसमोर.