सुट्टी आणि खाडा

१० एप्रिल २०२५, गुरुवार (धारूर तालुका)
आज महावीर जयंतीची सुट्टी, सोमवारी आंबेडकर जयंतीची. आपली सार्वजनिक सुट्टी ठरते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमानं. म्हणजे हुंडी-धनादेशाच्या कायद्यानं! बँक बंद, मग कचेरी बंद, शाळाही बंद. १४ एप्रिल राज्याच्या यादीत असतोच. केंद्रानं यंदा मार्चअखेरीस आदेश काढून आपल्याही सगळ्या कार्यालयांना सुट्टी दिली. पगारदारांचं भागलं.

११ एप्रिल, शुक्रवार
जोतीराव फुल्यांची जयंती. हिला सुट्टी नाही, मागणी मात्र जुनी आहे. फोटोला हार घातला आणि पोरांना पेपरला बसवलं. एकानं विचारलं, "गुरुजी, रविवारी सुट्टी का असती?" मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली १० जून १८९० ला, आणि मिळवून दिली जोतीरावांच्याच सत्यशोधक सहकाऱ्यानं, नारायण मेघाजी लोखंड्यांनी. पोरांना हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त आवडलं.

१२ एप्रिल, शनिवार
यंदा ऊसतोडीचा पट्टा मार्चातच पडला, हंगाम संपला. बेळगावकडं गेलेली बिऱ्हाडं परत आलीत. एका पोराचा बाप परीक्षेचं विचारायला आला. हाताला कोयत्याचे घट्टे, अंगठ्याला चिंधी. सोमवारी सुट्टी म्हटल्यावर हसला.
"आमाला कसली सुट्टी गुरुजी? थंडी-तापानं एक दिस पडलो, तर मुकादमानं वहीत खाडा लावला. दिसाची कमाई गेली ती गेली, वर उचलीतून कापले."
"आणि बायको?"
"ती तापातबी मोळ्या बांधत हुती. दोघांचा मिळून एक कोयता. ती बसली तर माझाबी खाडा."
दिवाळीच्या तोंडावर घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जायचं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण होतं.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी शाळेत प्रतिमापूजन, वस्तीवर पंचशील ध्वज, दुपारी खीर. संध्याकाळी मिरवणूक निघाली. नुकत्याच परतलेल्या बायका नवी पातळं नेसून पुढं होत्या. ही जयंती सरकारच्या हुकमानं सुरू झालेली नाही. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी ती १९२८ मध्ये पुण्यात साजरी केली. सुट्टी फार नंतरची. मराठवाड्याला तर हे सांगायलाच नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा, नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत माणसं मेली, घरं जळाली.

भाषणांत घटना आली, महाड आलं. मजूरमंत्री आंबेडकर कुणाच्या तोंडी आले नाहीत. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. त्याआधी, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात, कामकरी बायकांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू त्यांनी लावून धरली होती. ज्याच्या नावानं आज सुट्टी, तो माणूसच मजुराच्या सुट्टीसाठी भांडलेला.

१९४५ ची ती तरतूद बारमाही कारखान्यांपुरती होती. साखर धंदा हंगामी, म्हणून बाहेर राहिला. आणि फडातला तोडणीवाला तर कारखान्याचा कामगारच धरला जात नाही; तो मुकादमाचा माणूस.

१६ एप्रिल, बुधवार
सुट्टीच्या विरोधात मी नाही. कॅलेंडरात लाल रंगानं छापलेली ती तारीख मिळवायलाही पिढ्या गेल्यात. पण बाबासाहेबांच्या नावाची सुट्टी मास्तरला भरपगारी आणि फडातल्या माणसाला खाडा, हा हिशेब चुकीचा आहे. १४ एप्रिलला तोडणीवाला बहुधा घरी असतो, तेव्हा खाड्याचा प्रश्न हंगामातल्या दिवसांचा. हंगामात येतात ते ६ डिसेंबर (महापरिनिर्वाण दिन), ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती) आणि २६ जानेवारी.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांची तोडणीदरात ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली, ती तीन हंगामांसाठी. पुढच्या करारात दराबरोबर दोन ओळी आणखी लिहून घ्या: या तीन दिवशी मजुरी चालू राहील, आणि आजारपण, पाळी, बाळंतपण यांचा खाडा लावायचा नाही. संघटनांच्या पुढाऱ्यांनी परवा व्यासपीठावर हार घालून घेतलेत. आता कराराच्या बैठकीत एवढं मागून घ्यावं.