खानदानी पिल्लू

पुण्याच्या शेजारी पिंपळे नावाची एक सोडून तीन गावे आहेत: पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख. नुसते 'पिंपळे' एवढेच सांगून रिक्षात बसलात, तर कुठे उतराल याचा भरवसा नाही. आडनाव जोडल्याशिवाय जिथे गावाचीही ओळख पटत नाही, तिथे विकायला ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची ओळख कशी पटावी?

कासारवाडीला मेट्रोतून उतरून रेल्वेचे रूळ आणि पवनेचा पूल ओलांडला की पिंपळे गुरव लागते. जुन्या गावठाणाभोवती आता इमारतींची दाटी आहे. राजमाता जिजाऊ उद्यानात अजस्र डायनासोर उभे आहेत; त्यांच्यामुळे त्या बागेला सारे डायनासोर गार्डनच म्हणतात. संध्याकाळी रस्त्याने लॅब्रॅडोर, पग आणि पामेरियन आपापल्या मालकांना फिरवीत असतात. दोन मालक भेटले की पहिला प्रश्न, "ओरिजिनल आहे ना?" जणू सोयरीकच जमवायची आहे!

माझा धाकटा भाऊ इथेच राहतो. त्याच्या शाळकरी मुलीने दिवाळीला लॅब्रॅडोरचा हट्ट धरला, तेव्हा पिल्लू पाहायला आम्ही सारेच गेलो. विक्रेता मोठा गोडबोल्या. "काका, आई-बाप दोघेही चॅम्पियन! खाण तशी माती!" असे म्हणून त्याने पिल्लाच्या आईचे चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र पुढे केले. पिल्लू पुतणीच्या मांडीवर, किंमत पंचवीस हजार.

"आईचे पाहिले, पिल्लाचे कुठे आहे?" वहिनीने विचारले.

"येईल की ताई, तीन महिन्यांत."

"मग पैसेही तीन महिन्यांनीच न्या. आणि आहे किती दिवसांचे हे?"

पिल्लू सहा आठवड्यांचे निघाले. पुतणीच्या डोळ्यांत पाणी आले, पण वहिनी बधली नाही. आणि तिचेच बरोबर होते. २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि कुत्र्यांची पैदास करणाराला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. वंशावळीची नोंद ठेवते चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया. आई-बाप दोघेही तिथे नोंदलेले असतील तरच पिल्लांची नोंद होते. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिचा क्रमांक यंत्राने वाचायचा आणि कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. आईचा कागद पिल्लाला चालत नाही.

भाऊ चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथला बैलबाजार त्याने अनेकदा पाहिलेला. घरी परतताना तो म्हणाला, "तिथला शेतकरी वंशावळ ऐकून घेतो, पण आधी बैलाचे तोंड उघडतो. दुदाती की चौदाती हे दात सांगतात, विक्रेता नव्हे." २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केल्यापासून खिल्लारांचा भाव वधारला आहे, आणि भावाबरोबर 'आटपाडी महाल'च्या रक्ताचे दावेही. गंमत अशी, की खिल्लारांच्या प्रकारांत एकाचे नावच मुळी 'नकली' आहे! इतका प्रामाणिकपणा बाजारात विरळाच.

थोरला पुतण्या संगणकवाला. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे खोटी वंशावळ चालतच नाही." २०१७ साली 'क्रिप्टोकिटीज' नावाची संगणकातली मांजरे निघाली. प्रत्येकीचे आई-बाप आणि पिढी सार्वजनिक खात्यात कोरलेली. विकणाऱ्याला त्यात खाडाखोड करता येत नाही. त्यांतले पहिले मांजर त्याच डिसेंबरात एक लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले! पुढे हौस ओसरली आणि भाव कोसळले. वंशावळ मात्र तशीच अस्सल राहिली.

वाचकहो, या मांजरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. खरी वंशावळ जन्म सांगते. पुढची किंमत सांगत नाही, आणि जित्या पिल्लाची प्रकृती व स्वभावही सांगत नाही. त्यासाठी त्याची आई प्रत्यक्ष पाहावी आणि पशुवैद्याला दाखवावे. दुसरी गोष्ट अशी, की वंशावळ विकणाऱ्याच्या हाती नसावी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आपल्या पणजोबांचे नाव निघते, तेव्हा आपण डोळे मिटून मान्य करतो; कारण त्यांना आपले पणजोबा विकायचे नसतात!

पुतणी अजून रुसलेली आहे. भावाने दुसऱ्या एका घरी चौकशी केली. तिथे पिल्लांची आई अंगणात आहे, नोंदणीचा कागद आहे, आणि "आठ आठवडे होऊ द्या, मग या" असे त्यांनी आपणहून सांगितले. त्या एका वाक्यावर वहिनीचा जेवढा विश्वास बसला, तेवढा दोन चॅम्पियनांच्या नावांवर बसला नव्हता.