सुट्टी मंजूर झाली की…

सातारा-कोरेगावकडच्या गावांत लग्नाच्या बैठकीला बसलेली माणसं पंचांग उघडण्याआधी विचारतात, 'मुलाची सुट्टी कधी?' मग गुरुबळ असो, गोरज मुहूर्त असो, कार्यालय रिकामं असो. फौजेतला नवरदेव कुपवाड्यात आणि त्याचा सुट्टीचा अर्ज कंपनी ऑफिसच्या फायलीत अडकलेला असला, तर ग्रह बिचारे काय करणार? सुट्टी मंजूर झाली की भटजींनाही त्या तारखांच्या आसपास एखादा काढीव मुहूर्त बरोबर सापडतो.

फौजी प्रेमाच्या गोष्टीला खलनायक लागत नाही, तो यामुळेच. एरवी बाप आडवा येतो, जात आडवी येते, पैसा आडवा येतो. इथे दोन्ही घरं राजी असतात, साखरपुडा झालेला असतो, मुलीने मेंदी कोणती काढायची तेही ठरवलेलं असतं. तरी दोघांची गाठ पडत नाही. तो येतो तेव्हा तिची परीक्षा असते. तिची परीक्षा संपते तेव्हा त्याची पलटण वर गेलेली असते. कादंबरीवाले आणि सिनेमावाले याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. नशिबाचा कुठे पत्ता लागत नाही. इथे सगळं लेखी असतं, सहीशिक्क्यानिशी. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा. बाकीचे दिवस सरकारचे. आणि हे नव्वदसुद्धा युनिटची गरज भागल्यावर. प्रेमाचा नंबर दुसरा लागतो आणि भरती होतानाच ते ठाऊक असतं. ज्याला आपण अवेळ म्हणतो ती खरं तर दुसऱ्याच्या मालकीची वेळ असते.

ती वेळ वाटून घ्यायचीही एक तऱ्हा आहे. मराठा पलटणीत गणपतीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं. चैत्रात गावोगावच्या यात्रा निघतात, तेव्हा तेच. पण अख्खी कंपनी काही एकदम सोडता येत नाही. मग सुभेदारसाहेब यादी घेऊन बसतात. गेल्या वर्षी कोण गेलं होतं, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची बायको बाळंतपणाला टेकली आहे, कोणाच्या बापाचं ऑपरेशन आहे. या यादीत बाळंतपणाला वजन आहे, आजारपणाला आहे, जमिनीच्या मोजणीलाही आहे. 'साहेब, तिला भेटून वर्ष झालं' या कारणाला मात्र रकाना नाही. पूर्वीच्या पोरांनी त्यावर तोडगा काढला होता. घरून तार यायची, 'मदर सिरीयस, कम सून'. धडधाकट आईला कित्येकदा मरणाच्या दारात बसवून पोरं गावाकडे निघायची. साहेबलोकही काही दुधखुळे नव्हते. त्यांच्याही आया त्यांच्या तरुणपणी अशाच आजारी पडलेल्या. 2013 च्या जुलैत तारखातं बंद झालं आणि फौजेतल्या आयांची प्रकृती एकदम सुधारली.

मिळालेल्या सुट्टीतही प्रवासाचे दिवस मोजावे लागतात. जम्मूहून पुण्याला येणारी झेलम एक्स्प्रेस दोन रात्री घेते. जालंधर, अंबाला, दिल्ली, झाशी, इटारसी, भुसावळ, मनमाड, दौंड. फौजी माणसाला ही स्टेशनं पाठ असतात, आणि त्याच्या माणसालाही. डब्यात सीटखाली काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण. ट्रंकेत कँटीनचा कुकर, आईला शाल, बापाला बाटली, आणि सगळ्यांत तळाशी, गणवेशाच्या घडीखाली, जिच्यासाठी आणलं तिला सगळ्यांदेखत देता येणार नाही असं काहीतरी. ते देण्याची संधी चार-सहा दिवस मिळत नाही. आल्यावर पाहुणे येतात, कुळधर्म असतो, विहिरीची मोटर जळालेली असते. सुट्टी संपत आली की मग आठवतं, ट्रंकेच्या तळाशी काहीतरी राहिलंय.

वेळेची खरी गंमत मात्र युद्धापेक्षा युद्धाच्या शक्यतेत आहे. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम'साठी फौजा सीमेवर गेल्या. त्या ऑक्टोबर 2002 पर्यंत तिथेच होत्या. दहा महिने समोरासमोर उभं राहणं झालं, युद्ध झालं नाही. ती अख्खी लग्नसराई मात्र गेली. इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षी काय झालं याचं उत्तर 'युद्ध टळलं' असं मिळेल. कुठल्याशा गावात एखादी बाई सांगेल, 'आमचं लग्न टळलं, मग पुढच्या साली झालं.' आणि काहींचं झालंच नाही. मुलीचे वडील किती थांबणार? त्यांनाही धाकटीचं बघायचं होतं.

याउलट 7 मे 2025. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सुट्टीवर आलेल्यांना परतीचे निरोप आले. लग्नसराई ऐन भरात. अंगावरची हळद उतरण्याआधी निघालेल्या नवरदेवांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत झळकल्या, फलाटावरच्या हिरव्या चुड्याच्या फोटोंसकट. 10 मे ला लढाई थांबली. दोन रात्रींच्या प्रवासाला निघालेल्या एखाद्याला ती बातमी गाडीतच कळली असेल. म्हणून तो काही पुढच्या स्टेशनावर उतरू शकत नाही. हजर व्हायचा हुकूम म्हणजे हजर व्हायचं.

या अवेळेवर आपल्या उपखंडात लिहिलेली सगळ्यांत धारदार गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' ही हिंदी कथा 1915 ला आली. अमृतसरच्या बाजारात एक मुलगा एका मुलीला भेटेल तेव्हा चिडवतो, तुझी सोयरीक झाली का? ती नाही म्हणून पळते. एके दिवशी ती हो म्हणते. एवढंच. पंचवीस वर्षांनी तो लहनासिंग जमादार झालेला आहे, जमिनीच्या खटल्यासाठी सुट्टीवर आला आहे, आणि पलटण लढाईवर निघणार म्हणून त्याला परत बोलावणं येतं. जाताना वाटेत तो आपल्या सुभेदाराच्या घरी थांबतो. सुभेदाराची बायको त्याला ओळखते. तीच ती. म्हणजे गुलेरींनी गंमत अशी केली आहे की ज्या हुकमाने सुट्टी तोडली त्यानेच भेट घडवली. भेटही कसली, तर ती त्याच्याकडे नवरा आणि मुलगा यांचा जीव मागते, आणि तो फ्रान्सच्या खंदकात तो देतो. इतक्या आखूड गोष्टीत पंचवीस वर्षांचा उशीर मावला आहे. तिथे प्रेम कुठे उच्चारलेलंही नाही.

तिच्या तुलनेत 2022 चा तेलुगू 'सीता रामम' अगदी ऐसपैस. धुळ्यात जन्मलेली मृणाल ठाकूर त्यात सीता आहे. लेफ्टनंट रामचं शेवटचं पत्र तिच्या हातात वीस वर्षं उशिरा पडतं, तेही सीमेपलीकडच्या एका मुलीमार्फत. थिएटरात लोक रडले, मीही रडलो. पण बाहेर आल्यावर वाटलं, वीस वर्षं उशिराचं दुःख मोठं खरं, तरी ते निर्धोक आहे. त्यावर सुंदर छायाचित्रण करता येतं. वीस मिनिटं उशिराचं काय?

कारण आताची अवेळ मिनिटांची आहे. पूर्वी पत्र यायचं, त्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त नंबर आणि '56 एपीओ' किंवा '99 एपीओ'. ही टपालव्यवस्था चालवणाऱ्यांचं शिक्षणकेंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, सांगणारा एक, लिहून देणारा दुसरा, गावात वाचून दाखवणारा तिसरा आणि मधे सेन्सॉरचा साहेब चौथा. इतक्यांच्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? बैलांची चौकशी करायचा. बैल बरे आहेत ना, याचा अर्थ ती बरोबर लावायची. सातारा जिल्ह्यातल्या 'मिलिटरी अपशिंगे'तले 46 जण त्या युद्धात कामी आले. त्यांच्या घरांत अशा किती बैलांच्या चौकश्या आल्या असतील.

पण पत्राला एक सोय होती. त्यातली खुशाली शिळी आहे हे दोघांना माहीत असायचं. फोनने ती सोय काढून घेतली. माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिचा तो उत्तर सिक्कीमला. पोस्टवर रेंज नाही. खाली आला की फोन. ती नेमकी ड्रेसिंगच्या ट्रेवर हात निर्जंतुक करून उभी असते, मोबाइल लॉकरमध्ये. बाहेर येते तेव्हा चार मिस्ड कॉल आणि एक मेसेज, 'वर चाललो'. ती ताबडतोब फोन लावते. स्विच ऑफ. मग तिने मला तो पडदा दाखवला: शेवटचं ऑनलाइन, दुपारी तीन सतरा. 'काका, मी तीन एकोणीसला बाहेर आले,' ती म्हणाली. दोन मिनिटांचा हिशेब तिने दहा दिवस पुरवला.

यात आता आणखी एक तारीख शिरली आहे. जून 2022 ला अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांचा, त्याला रजा वर्षाला 30 दिवस, भरती होताना अविवाहित असावं लागतं आणि त्या मुदतीत लग्न करता येत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. म्हणजे अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी एक तर फौजी असेल, नाही तर गावात. मुलगी त्याच्याच वर्गातली. तिच्या घरचे विचारतात, 'राहणार का परत येणार?' हे त्यालाही माहीत नाही. तिने काय सांगावं, 'निकाल लागेपर्यंत थांबा'? भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांच्या किती वह्यांत अशी एकेक तारीख लिहिलेली असेल, जिच्यावर दोन आयुष्यांची पुढची आखणी अडून राहिली आहे.

आणि थांबणारी तरी आता कुठे रिकामी आहे? आपल्या सगळ्या फौजी गोष्टींत ती दारात उभी असते, जणू तिला दुसरं काही कामच नाही. आता तिचीही शिफ्ट असते, तिचीही एमपीएससी असते, तिचीही रजा कोणीतरी मंजूर करायची असते. खडकवासल्याच्या एनडीएतून मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची. त्यांच्यातली कोणी उद्या एखाद्या बॅचमेटच्या प्रेमात पडली, तर एक जण फील्डवर आणि दुसरं पीस स्टेशनवर, हा खेळ दोन्ही बाजूंनी चालेल. कोण कोणाची वाट बघतंय हे पोस्टिंगच्या ऑर्डरीवर ठरेल. पूर्वी एकाचीच वेळ परक्याच्या हाती होती. आता दोघांची आहे, आणि मला ते जास्त बरोबरीचं वाटतं. निदान उशीर झाल्याचा दोष एकट्या त्याच्या पलटणीवर जाणार नाही.

ही माणसं कॅलेंडरशी भांडत बसत नाहीत, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं. माझ्या आत्याच्या सासरी माघात दिवाळी झालेली मी पाहिली आहे. चकली, करंजी, उटणं, पहाटेची अंघोळ, सगळं. शेजारणीने विचारलं तर आत्याची सासू म्हणाली, 'आमची दिवाळी जम्मूहून येते. गाडी लेट होती.'

तेव्हा कोणाला या विषयावर सिनेमा काढायचा असेल, तर त्याने फलाटावरची मिठी थोडी बाजूला ठेवावी. दोन कागद शेजारी ठेवून बसलेली ती नर्स आणि फोनवरचा तो जवान दाखवावा. एकीकडे ड्युटीचा तक्ता, दुसरीकडे सुट्टीची यादी. नाइट शिफ्टा वजा, प्रवास वजा, आणि चार दिवस जुळतात. मग वाटणी सुरू होते. एक दिवस तिच्या घरी, एक दिवस त्याच्या, एक दिवस बँक आणि आधारचा पत्ता बदलायला. उरलेला दोघांचा, त्या दिवशी मामा जेवायला आले नाहीत तर.