मैदानाबाहेरचा अभ्यास

जानेवारी २०१६. कल्याणमध्ये एच. टी. भंडारी आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेचा सामना चालू होता. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेनं दोन दिवसांत नाबाद १००९ धावा काढल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम १८९९ पासून टिकून होता; तो पहिल्याच दिवशी मोडीत निघाला. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा जगभरच्या बातम्यांत झळकला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हेच छापून आलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याच धावफलकात आणखी दोन आकडे होते. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुल शाळेचा पहिला डाव ३१, दुसरा डाव ५२. गांधी शाळेच्या ३ बाद १४६५ धावा. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. ज्या बातमीदाराची नजर आधी ३१ आणि ५२ वर गेली, त्याला पुढचे प्रश्न आपोआप सुचले. समोर गोलंदाजी करणारी मुलं कोण होती? त्यांचं वय काय? सीमारेषा किती अंतरावर होती? शालेय स्पर्धेत दोन संघांत एवढी दरी पडतेच कशी? काही बातमीदारांनी हे प्रश्न विचारले. त्यानं प्रणवचा पराक्रम उणा होत नाही, दोन दिवस तळपत्या उन्हात उभं राहून हजार धावा काढणं हे कोणाचंही काम नाही. पण या आकड्यांचा अर्थ वेळीच नीट मांडला गेला असता, तर एका शाळकरी मुलाच्या डोक्यावर थेट ‘पुढचा सचिन’ असं ओझं चढलं नसतं. पुढे त्याच्याकडून अपेक्षेइतक्या धावा होईनात, तेव्हा मुंबई क्रिकेट संघटनेनं सुरू केलेली शिष्यवृत्ती थांबवावी, अशी विनंती २०१७ मध्ये घरच्यांनीच केली.

क्रीडा पत्रकारितेच्या कुठल्याही अभ्यासक्रमाचा पहिला तास या धावफलकावर घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. या विषयाकडे येणारी मुलं खेळावर जीव टाकणारी असतात. कुणाला विश्वचषकांचे सगळे अंतिम सामने पाठ असतात, कुणी स्वतः कबड्डीच्या मंडळातून खेळलेला असतो. हे प्रेम हवंच, त्याच्याशिवाय रात्री बारा वाजता पान लावायची उमेद टिकत नाही. मात्र ते त्यांनी घरून आणलेलं असतं. विद्यापीठानं द्यायचं ते दुसरं काहीतरी आहे: नियमपुस्तिका, निकालपत्र, ताळेबंद आणि आकडे वाचण्याची सवय. थोडक्यात, मैदानावर जे दिसत नाही त्याचा अभ्यास.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की थोर क्रीडा लेखक कुठल्या विद्यापीठात हे शिकले होते? आक्षेप बिनबुडाचा नाही. ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये क्रिकेटवर लिहून त्या लेखनाला साहित्याचा दर्जा मिळवून देणारे नेव्हिल कार्डस विद्यापीठाची पायरी चढले नव्हते. आपले द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते. वि. वि. करमरकरांनी १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि क्रिकेटच्या बरोबरीनं कुस्ती, खो-खो, कबड्डीला तिथे जागा दिली, तेव्हा त्यांच्यापुढे कुठला क्रमिक अभ्यासक्रम नव्हता, तो त्यांनी पान लावता लावता घडवला. पण त्या पिढीला एक गोष्ट मिळाली जी आजच्या नवशिक्याला मिळत नाही. तेव्हा खेळाडू आणि बातमीदार एकाच गाडीनं प्रवास करत, एकाच हॉटेलात उतरत. ओळख व्हायची, विश्वास बसायचा, माहिती त्यातून यायची. आज खेळाडूभोवती एजंट, प्रसिद्धी व्यवस्थापक आणि प्रायोजक यांचं कडं असतं. वाट्याला येते ती पाठीमागे जाहिरातींचा फलक लावलेली काही मिनिटांची पत्रकार परिषद. माणूस भेटत नसेल तर कागद वाचता आला पाहिजे, आणि कागद वाचणं शिकावं लागतं.

२०१६ सालचं नरसिंग यादवचं प्रकरण आठवा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. लास वेगासच्या २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यानं ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. सुशीलकुमारनं निवड चाचणी मागत दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, ती मागणी फेटाळली गेली. त्यानंतर नरसिंगच्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था ‘नाडा’च्या समितीनं १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले, मथळ्यांत ‘सुटका’ आली, आणि बऱ्याच बातम्या तिथेच संपल्या.

उत्तेजकविरोधी जागतिक संहिता ज्यानं वाचली होती, त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. पहिली, शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. घातपात झाला असं म्हणायचं तर तो सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. दुसरी, राष्ट्रीय संस्थेचा निर्णय हा शेवट नसतो, जागतिक संस्था ‘वाडा’ त्यावर क्रीडा लवादाकडे दाद मागू शकते. तसंच घडलं. नरसिंगची लढत १९ ऑगस्टला होती, आणि आदल्या दिवशी लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. घातपाताच्या दाव्याला ठोस पुरावा नाही, असं लवादाचं मत पडलं. वाचकाला हा निकाल आभाळातून पडल्यासारखा वाटला, कारण अपिलाची ही वाट मोकळी आहे हे त्याला आधी फारसं कुणी सांगितलंच नव्हतं.

आठ वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये हाच धडा पुन्हा समोर आला. कुस्तीपटू विनेश फोगाटनं ६ ऑगस्ट २०२४ ला तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली, त्यांतली पहिलीच लढत जपानच्या युई सुसाकीविरुद्ध, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणाकडूनही हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनाच्या वेळी काटा ५० किलोच्या वर १०० ग्रॅम दाखवत होता. रात्रभर घाम गाळून, केस कापून, कपडे आखूड करूनही तेवढं वजन उतरलं नाही, हे पथकाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनीच सांगितलं. त्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न होता: आदल्या दिवशी तिनं रीतसर वजन देऊन लढती जिंकल्या, मग किमान रौप्य का नाही? उत्तर जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमपुस्तिकेत अकराव्या कलमात होतं. दोन दिवसांपैकी कोणत्याही दिवशी वजनात नापास झालेला मल्ल स्पर्धेतूनच बाद होतो आणि सर्वांत शेवटी, क्रमांकाशिवाय नोंदला जातो. हे कलम शोधायला फार वेळ लागत नाही. ते कुठे शोधायचं हे माहीत असावं लागतं. तोवर वाहिन्यांवर कटाच्या कहाण्या जोरात सुरू झाल्या होत्या.

लवादानं १४ ऑगस्टला विनेशचं अपील फेटाळलं. नंतर आलेलं सविस्तर निकालपत्र वर्गात बसून ओळीनं वाचावं असं आहे. एकल लवाद ॲनाबेल बेनेट यांनी नियमाचे परिणाम अतिशय कठोर असल्याचं त्यात मान्य केलं आहे, मात्र नियम स्पष्ट असताना त्याला मुरड घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, असंही म्हटलं आहे. विनेशबद्दल वाटणारी हळहळ आणि नियमाची चौकट या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत प्रामाणिकपणे मांडता येतात, याचा इतका चांगला नमुना शोधून मिळायचा नाही.

पत्रकारिता विद्यापीठात शिकवायची कशी, या प्रश्नाचं जुनं आणि अजूनही चोख उत्तर अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाकडे आहे. १९०८ मध्ये तिथे पत्रकारितेचं विद्यालय सुरू झालं आणि वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलं असावं तसं हे वर्तमानपत्र. ते गावासाठी निघतं, गाव ते वाचतं आणि चूक झाली की गावच जाब विचारतं. आपल्या उपखंडात लाहोरला १९४१ मध्ये पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग निघाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून आलेल्या रोलंड वूल्सली यांनी हे शिक्षण रुजवलं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. एवढा वारसा असूनही आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत क्रीडा हा ‘विशेष बातमीदारी’च्या पेपरातला एखादा घटक असतो. गुन्हे, न्यायालय, अर्थ आणि मग क्रीडा. दोन-तीन तासिकांत विषय उरकतो.

याला खरं तर पूर्ण वर्ष द्यायला हवं, आणि त्यातला बराच काळ वर्गाबाहेर गेला पाहिजे. त्यासाठी वानखेडेचा पास लागत नाही. मुंबईत पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर कांगा लीग असते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा अख्खी पेठ तिथे लोटते. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव दरवर्षी कुठे ना कुठे भरतो, आणि त्याची पत्रकारिता त्याच विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी करायला अडचण ती काय? अशा ठिकाणी पंचांकडून गुणपत्रक मागून घ्यावं लागतं, नावांचे उच्चार विचारावे लागतात, हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाशी बोलायचं धाडस करावं लागतं. खो-खोच्या सामन्यात कोण किती मिनिटं पळालं आणि कुणी किती गडी टिपले हे स्वतः टिपायचं, कारण तिथे पडद्यावर आकडेवारी सरकत नसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांनी भारताचे पुरुष व महिला संघ जिंकून दिले. सूर मारणं, खुंट, संरक्षण, पोल डाइव्ह हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक, अशा मराठी बातमीदारांपैकी ते सामने जसे लिहायला हवे होते तसे फार थोड्यांनी लिहिले, याची मला खंत वाटते.

आकड्यांचंही असंच. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेनं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्णविजेता केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो अवघ्या ०.०५ सेकंदानं. ही बातमी झाली. पण १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच नेत होता, हे जोडलं की आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या मुलानं नेमकं काय केलं ते वाचकाच्या ध्यानात येतं. जुने निकाल चाळणाऱ्यालाच ही ओळ सापडते.

कायद्याचा पेपर विद्यार्थी कंटाळून शिकतात. त्यांना ‘संडे टाइम्स’च्या डेव्हिड वॉल्शची गोष्ट सांगावी. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर १९९९ पासून संशय घेणाऱ्या मोजक्यांपैकी तो एक. आर्मस्ट्राँगनं बदनामीचा दावा लावला आणि २००६ मध्ये वर्तमानपत्राला तीन लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. २०१२ मध्ये उत्तेजकांचं सगळं उघड होऊन आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं गेली, तेव्हा ती रक्कम परत मागता आली. बातमी खरी असणं आणि ती न्यायालयात टिकणं यांतलं अंतर इतकं महाग पडू शकतं. तसंच ‘इंडियानापोलिस स्टार’चं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या बातमीदारांनी अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेनं लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कशा दाबून ठेवल्या ते छापलं. ते वाचून रेचल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टनं स्वतः संपर्क साधला आणि डॉक्टर लॅरी नासरचं नाव पुढे आलं. ज्या पीडितांनी आपली ओळख सांगायची नाही असं ठरवलं, त्यांची ती गुप्तता बातमीदारांनी जपली. २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर आपल्या महिला मल्ल बसल्या, तेव्हा हीच कसोटी भारतीय पत्रकारांपुढे होती.

राहिला प्रश्न पोटापाण्याचा. पालक तोच आधी विचारतात. खेळात पैसा आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. या पैशातून ज्या नोकऱ्या तयार झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा संघांच्या आणि लीगच्या स्वतःच्या माध्यम विभागांत आहेत: चित्रफिती कापणं, खेळाडूंच्या मुलाखती घेणं, समाजमाध्यमांचं खातं सांभाळणं. काम कौशल्याचं आहे, पगारही बरा असतो. मात्र तिथे मालकाच्या संघाबद्दल अडचणीचा प्रश्न विचारता येत नाही, आणि विद्यार्थ्याला हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं पाहिजे. प्रसिद्धीचं काम आणि पत्रकारिता हे दोन वेगळे पेशे आहेत. दोन्ही शिकवावेत, पण वेगवेगळ्या पेपरांत आणि वेगवेगळ्या शिक्षकांनी.

वर्तमानपत्रांचे क्रीडा विभाग आटत चालले आहेत, तिथे जागा थोड्या. तरीही जिल्हा आवृत्त्यांना आजही तालुक्याच्या स्पर्धेचा निकाल रात्री नऊच्या आत, शुद्ध नावांसह लिहून देणारा माणूस हवा असतो. मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवीत पदवीच्या कागदासोबत अशा छापून आलेल्या बातम्यांचं एक बाड असावं, आणि त्यात किमान एक बातमी अशी असावी की जी त्यानं एखाद्या क्रीडा संघटनेचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली आहे. संपादकानं त्यातली कुठलीही ओळ दाखवून ‘हे कुठून आणलंस?’ असं विचारलं, तर त्याला पान क्रमांक सांगता यावा.