यंदाचा भूतबंगला

यात्रा उठून महिना झाला. आकाशपाळण्याचे खांब ट्रकवर चढून पुढच्या गावाला गेले, रेवड्यांची आणि बांगड्यांची दुकाने हलली. पण आमच्या गावात एका विषयावरची चर्चा मात्र अजून उठलेली नाही. एस.टी. स्टँडवर, पानटपरीवर, एवढेच काय पण आमच्या कॉलेजच्या वाचनालयाबाहेरच्या कट्ट्यावरही तो विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. विषय निवडणुकीचा नाही, कापसाच्या भावाचाही नाही. विषय असा, की यंदाचा भूतबंगला चांगला होता की पूर्वीचा?

प्राध्यापक मंडळींपैकी काहींना हसू येईल. पण ज्यांनी आमची घाटाखालची यात्रा पाहिली आहे, ते हसणार नाहीत. कापूस विकून घरात चार पैसे आलेले असतात, गहू-हरभरा अजून रानात उभा असतो, आणि अशा वेळी माघ-फाल्गुनात गावाबाहेरच्या पटांगणात तंबू पडतात. देवदर्शन आजीसाठी, भांडी आणि पाटा-वरवंटा आईसाठी, कुस्त्यांची दंगल वडिलांसाठी. आणि मौत का कुआँ नि भूतबंगला आम्हा पोरासोरांसाठी, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा देवळात जाता आले नाही म्हणून आजी हळहळली, तर आमच्या गल्लीतली मुले पाळण्यासाठी आणि भुतासाठी हळहळली. हळहळ दोन्हीकडची खरी होती.

तसे पाहिले तर आपल्या बुलढाणा जिल्ह्याला राक्षसाचे वावडे कधीच नव्हते. लोणारच्या विवराची कथा सांगताना शास्त्रज्ञ उल्केचे नाव घेतात, आणि गावातले म्हातारे लवणासुराचे. दैत्यसूदनाच्या देवळात विष्णूच्या पायाखाली तो राक्षस आजही दाबून धरलेला आहे. मारलेला राक्षस सुद्धा पुन्हा पुन्हा जाऊन पाहावा असे माणसाला वाटते, यातच भूतबंगल्याचे सारे मर्म आले. शिवाय या भुताचा एक मोठा गुण आहे. ते तिकीट लावून भेटते. आपण खोटे आहोत हे ते दारावरच्या पाटीत कबूल करते. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो ज्यांच्यासाठी, ते लोक भूत खरे आहे असे सांगून पैसे उकळतात. तंबूवाला भूत खोटे आहे हे सांगून पैसे घेतो आणि पाच मिनिटांत आपल्याला उजेडात सोडून देतो.

पूर्वीचा भूतबंगला कसा होता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाहेर रंगवलेले मोठे कापड, त्यावर लाल जिभेची बाई आणि कवट्यांची माळ. वर भोंगा, त्यातून अखंड किंचाळ्या. आत बांबूच्या सांगाड्यावर काळे कापड ठोकून केलेली नागमोडी बोळ. पायाखाली मध्येच हलणारी फळी, तोंडावर ओल्या दोऱ्यांच्या झिरमिळ्या, एका वळणावर जमिनीतून येणारा पंख्याचा गार झोत. आणि या सगळ्याच्या मध्ये खरी, जिवंत भुते! तोंडाला चुना आणि काजळ फासलेली तीन-चार माणसे. एक शवपेटीतून उठायचा, एक छताला लोंबकळायचा, आणि एक अगदी शेवटी, आता सुटलो असे वाटले की मागून पायाला हात घालायचा.

माझे काका या जुन्या भूतबंगल्याचे पक्के अभिमानी. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' 1984 साली आला. तो त्यांनी यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पाहिला होता, आणि त्याच रात्री मित्रांसोबत ते भूतबंगल्यात शिरले. त्या रात्रीचे वर्णन ते अजून दरवर्षी करतात, आणि दरवर्षी त्यात एखादे भूत वाढते. काकांचे म्हणणे असे, "आता काय राह्यलं तिथं? बटन दाबलं की सांगाडा उठते, बटन सोडलं की निजते. त्याले ना तुयी ओळख ना मायी. भूत कसं पाह्यजे, त्यानं माणसाले पाहून ठरवलं पाह्यजे, कवा उठाचं ते!"

यंदा झालेले बदल आता सांगते. पहिला बदल, जिवंत भुते गेली. त्यांच्या जागी मोटारीवर हलणारे आणि हवेच्या दाबाने उसळणारे पुतळे आले. दुसरा, बोळीच्या प्रत्येक वळणावर पायापाशी एक एक लहान लाल दिवा लागला. तिसरा, तंबूच्या मागच्या बाजूने आणखी एक वाट काढली. चौथा, पूर्वी दारातून माणसे कोंबली जात, आता दहा-दहा जणांना सोडतात आणि आत एक पहारेकरी असतो. आणि पाचवा, ज्यावरून सर्वांत जास्त भांडण झाले तो, रोज संध्याकाळी पाच ते सहा हा तास फक्त बायका-मुलींसाठी.

कट्ट्यावरच्या मुलांनी या बदलांची जी चिरफाड केली ती ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, "लाल दिवा लावला म्हंजे भुताच्या घरी लाइट बिल भरल्यासारखं झालं." दुसऱ्याने सांगितले, "मागून वाट ठेवली, तर भेकडं अर्ध्यातूनच पळते. पैसे वसूल कसे व्हतीन?" तिसऱ्याला पहारेकऱ्याचा राग होता, कारण भुताजवळ शिट्टी घेतलेला माणूस उभा असला की भुतालाच कसेसे होते, असे त्याचे मत. आणि मग सगळ्यांनी मिळून बायकांच्या तासावर तोंडसुख घेतले. "भुताले काय बाई-माणूस कळते? वेगळा तास काहून?"

हे 'काहून' मला फार दिवस सलत होते. म्हणून हा लेख.

मी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा भूतबंगल्यात गेले. भावंडांचा घोळका होता, मी मध्ये होते. पहिल्या वळणावर शवपेटी उघडली, सगळे ओरडले, मीही ओरडले. त्यानंतरच्या अंधारात गर्दीतून एक हात माझ्या अंगावर आला. तो भुताचा नव्हता. भूत समोर होते, आणि चुना फासलेले ते बिचारे आपले काम करीत होते. हात मागून आला होता. मी ओरडले, तेव्हा आजूबाजूचे सगळे हसले. कारण तिथे ओरडण्याचेच तर पैसे दिलेले! त्या जागी खरी किंकाळी आणि खेळातली किंकाळी यांतला फरक कोणालाही कळण्यासारखा नव्हता. बाहेर आल्यावर मी घरी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी भावंडांनी बोलावले तेव्हा एवढेच म्हणाले, "मले भेव वाटते." सगळे खूप हसले. मी भुताला भिते असे त्यांना वाटले, आणि तीच गोष्ट घरात सहा वर्षे थट्टेचा विषय होऊन राहिली.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर लिहिली नसती. यंदा वसतिगृहातल्या मुलींमध्ये विषय निघाला, तेव्हा एकीने सांगितले, मग दुसरीने, मग तिसरीने. कोणाची यात्रा घाटावरची, कोणाची घाटाखालची, कोणाची पार शेजारच्या जिल्ह्यातली. गावे वेगळी, तंबू वेगळे, अंधार तोच. एकजण म्हणाली, "मी तं टोकदार पिन घेऊन जात व्हती वं." आम्ही हसलो. पण मग लक्षात आले, की भूत पाहायला जाताना हातात पिन धरावी लागते तिला भुताची मजा कशी येणार? तिचे सगळे ध्यान पाठीमागे.

यंदा पाच ते सहाच्या तासात आम्ही सहा जणी गेलो. लाल दिवे होते, पहारेकरी होता, सांगाडा बटणावरच उठत होता. आणि तरीही मी अशी किंचाळले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही! तिसऱ्या वळणावर पंख्याचा गार झोत आला आणि वरून जटा सोडलेले डोके खाली आले, तेव्हा आम्ही सहाही जणी एकमेकींना धरून खाली बसलो आणि मग तिथेच हसत सुटलो. माझ्या मागे एक आजीबाई होत्या, नऊवारीतल्या. त्या डोक्याला उद्देशून म्हणाल्या, "मेल्या, केस तरी विंचर!" साठ वर्षांत त्या भूतबंगल्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. इतकी वर्षे त्यांना कोणी येऊ दिले नव्हते की त्याच आल्या नव्हत्या, हे मी विचारले नाही.

पण काकांचे म्हणणे मी सोडून दिलेले नाही. बाहेर आल्यावर तंबूच्या बाजूला बटणांच्या फळीपाशी बसलेल्या माणसाशी आम्ही बोललो. नऊ वर्षे तो स्वतः भूत होता, शवपेटीतला. आता बटणे दाबतो. जिवंत भुते काढली म्हणून बरे वाटते की वाईट, असे विचारल्यावर तो आधी हसला. हिंदी-मराठी मिसळून त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा. लोक भुताला मारतात. भिऊन मारतात ते वेगळे; पण काही जण मित्रांना दाखवायला मारतात, लाथा घालतात, कोणी सिगारेटचा चटका देतो. त्याच्या पुढच्या दोन दातांचा हिशेब असाच चुकता झाला होता. म्हणून पुतळे आले ते ठीकच झाले. पण मग तो म्हणाला, की लहान मूल आईच्या कडेवर आले आणि आधीच रडत असले, तर मी पेटीतून उठत नसे. डोळे मिटून पडून राहत असे. पुतळ्याला ते कळत नाही.

काका जे म्हणत होते ते हेच. पाहून ठरवणारे भूत गेले. हा तोटा खरा आहे, आणि आम्ही मुलींनीही तो मान्य केला पाहिजे.

हे भांडण आपल्याच पटांगणातले आहे असे समजायचे कारण नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नॉट नावाच्या कुटुंबाची बेरीच्या फळांची शेती होती. रस्त्याकडेला फळे आणि कोंबडीचे जेवण विकता विकता त्या शेताचे मोठे करमणुकीचे उद्यान झाले. तिथे 1973 साली हॅलोवीनच्या सणाला तीन रात्री भुतांचा खेळ लावला, आणि तो दरवर्षीचा झाला. फ्लोरिडात युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्यानातही 1991 पासून असाच खेळ चालतो. तिथेही दरवर्षी नेमाने येणारे शौकीन असतात, आणि यंदा काय बदलले, काय बिघडले यावर त्यांचे वाद चालतात. पूर्वीचे राहिले नाही, हे वाक्य त्यांच्या भाषेतही असणारच. पण त्यांच्याकडे जिवंत भुते अजून आहेत. भुताने माणसाला हात लावायचा नाही आणि माणसाने भुताला, असा नियम पुष्कळ ठिकाणी केलेला आहे.

दुसरी एक गोष्ट तिथलीच. न्यू जर्सी राज्यातल्या एका उद्यानात ट्रकमागच्या डब्यांना डबे जोडून भुताचा किल्ला केला होता. 11 मे 1984 रोजी त्यात आग लागली आणि आठ मुले मेली. सगळी आमच्याच वयाची किंवा त्याहून लहान. आत पाण्याचे फवारे नव्हते, धोक्याची घंटा नव्हती. आत आगीची बोंब झाली तरी ती खेळातलीच वाटावी, अशी ती जागा. 'पुराना मंदिर' आला त्याच वर्षीची ही गोष्ट. आमच्या तंबूत बांबू आणि काळे कापड होते, आणि बाहेर पडायला एकच वाट होती. मागची वाट भेकडांसाठी आहे असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी हे एकदा ध्यानात घ्यावे.

मला वाटते, भूतबंगला म्हणजे गावाने मिळून केलेला एक करार आहे. पाच मिनिटे आम्ही खोट्याला खरे मानू. त्या बदल्यात तुम्ही खऱ्याला आत येऊ देऊ नका. खरी आग, खरी लाथ, खरा हात, हे तिघे दाराबाहेर राहिले तर आतला राक्षस कितीही भयंकर असू द्या. लाल दिव्याने भीती कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांना पूर्वीही फक्त भुताचीच भीती वाटत होती. आम्हाला वाटायच्या भीतीत भुताचा नंबर फार खाली होता.

बायकांचा वेगळा तास मलाही कायमचा नको आहे. भावांबरोबर, मित्रांबरोबर रात्री नऊ वाजता, ऐन गर्दीत जायची मजा वेगळीच असणार. ती मी अजून घेतलेली नाही. पण तो तास काढायचा कधी, हे कट्ट्यावरच्या मुलांच्या हाती आहे.

आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी यात्रा समितीला एक अर्ज दिला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. दिवे, मागची वाट आणि पहारेकरी कायम ठेवावेत. स्त्रियांचा एक तास पुढच्या वर्षीही असावा आणि तो संध्याकाळी पाचऐवजी सातला ठेवावा, कारण पाच वाजता उन्हाच्या फटी तंबूत येतात आणि भुताचे धोतर दिसते. आणि तिसरी मागणी काकांच्या वतीने : निदान एक तरी भूत जिवंत असावे, आणि त्याला मारणाऱ्याला दंड असावा. अर्जावर सह्या करताना काकांनाही बोलावले होते. त्यांनी सगळा अर्ज दोनदा वाचला, पहिल्या दोन मागण्यांपाशी बराच वेळ थांबले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता सर्वांत वर सही केली.