गाडी कोणती घ्यायची?

दोस्तांनो, मोठ्या माणसांना परीक्षा नसते असं तुम्हाला वाटतं ना? साफ चूक! गेल्या दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमच्या घरी रोज जेवणं झाली की एकच पेपर सोडवायला सगळे बसत होते. प्रश्न एकच, गाडी कोणती घ्यायची?

मी राहते नाशिकला आणि शिकवते पेठ तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत. घर ते शाळा चाळीस किलोमीटर, मध्ये सावळघाट. मिस्टरही त्याच बाजूला शिक्षक आहेत. इतकी वर्षं कधी एस.टी., कधी जीप, कधी मोटरसायकल असं चाललं होतं. शेवटी साठवलेले पैसे आणि थोडं कर्ज, असं करून चारचाकी घ्यायचं ठरलं.

यादीत दोन नावं उरली. एक महिंद्राची थार, दुसरी त्यांचीच एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओ. गंमत अशी, की दोन्ही गाड्या आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेल्या! म्हणजे दोघी माहेरवाशिणीच. पण स्वभाव अगदी वेगळे. थार उंच, चौकोनी, दगडधोंड्यांतून चालणारी. थ्री-एक्स-ओ आटोपशीर आणि कमी इंधनात जास्त पळणारी.

सहावीतल्या आमच्या चिरंजिवांनी क्षणाचाही विचार न करता मत दिलं, "थारच!" सासूबाईंनी एवढंच विचारलं, "चढायला उंच नाही ना गं?"

थारचं घराणं मोठं आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला चिखलातून, वाळूतून धावणारी हलकी गाडी हवी होती. त्यातून जीप जन्माला आली. महिंद्राची कंपनी १९४५ साली सुरू झाली आणि १९४७ पासून तिनं विलिज जीप आपल्या देशात आणली. थार ही त्याच जीपची वारसदार. आत्ताची थार २०२० साली आली, तर थ्री-एक्स-ओ २०२४ साली.

पण उंच गाडीला एवढं कौतुक कशाचं? एक प्रयोग करा. वहीवर पुठ्ठा तिरका टेकवून चढ तयार करा आणि खेळण्यातली मोटार त्यावर चढवा. चढ फार उभा केला, की चाक टेकण्याआधी मोटारीचं नाकच पुठ्ठ्याला आपटतं. थारचं नाक सुमारे ४१ अंशांच्या चढापर्यंत आपटत नाही. तिचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर, थ्री-एक्स-ओचं २०१. म्हणजे फरक जेमतेम बोटाच्या एका पेराएवढा!

खरी करामत चाकांत आहे. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तिथे ती कामाला येते. पण एक चाक चिखलात गरगरू लागलं, की सगळी फिरकी तिकडेच जाते आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म! फोर-बाय-फोर थारमध्ये मात्र ताकद चारही चाकांकडे पाठवता येते. शिवाय हळू पण जोरानं ओढणारा एक खास गिअरही असतो.

आता फुकट काही मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जादा गिअरपेटी, जादा दांडे, रुंद टायर. सगळ्याचं वजन रोज वाहायचं. शिवाय चौकोनी अंग वारा अडवतं. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. हे सगळं पेट्रोलच्या टाकीतून वसूल होतं.

माझ्या चौथीच्या वर्गात भागाकार चालू होता. म्हटलं, पुस्तकातलं गणित कशाला, आपलंच घेऊ. रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर. शाळेचे दिवस धरले २२०. झाले १७,६०० किलोमीटर. हिशोबापुरतं धरलं, की एक गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते आणि दुसरी ११. मुलांनी पाट्या भरल्या. पहिलीला १,१०० लिटर, दुसरीला १,६००. फरक बरोबर ५०० लिटरचा! लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला पन्नास हजार रुपये. एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण जळताना ते हवेतला ऑक्सिजनही ओढून घेतं. ५०० लिटरचा झाला ११५० किलो, म्हणजे एक टनाहून जास्त!

"मग लहान गाडीच घ्या, बाई!" वर्ग ओरडला.

एक मुलगी तेवढी गप्प होती. तास संपल्यावर ती हळूच टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, पाड्यापर्यंत येईल अशी घ्या ना."

शाळा डांबरी रस्त्यालगत आहे. तिचा पाडा मात्र ओहोळापलीकडे, दोन किलोमीटर आत. मधे एक फरशी, म्हणजे ओहोळावरचा बुटका पूल, आणि त्यानंतर लाल मातीची वाट. दोन वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत तिच्या आजीला रात्री ताप चढला. सकाळी चौघांनी बांबूला झोळी बांधून आजीला चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं. आजी वाचली. पण नातीनं ती झोळी पाहिली होती. तिच्या मनात गाडी म्हटली, की मायलेज नव्हतं, आजी होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पन्नास हजार मोठे, की एक आजी मोठी?

दुसऱ्या दिवशी मी गेल्या वर्षीचा हजेरीपट काढला. फरशीवरून पाणी गेल्यामुळे पाड्यावरची मुलं किती दिवस आली नव्हती? सहा दिवस. म्हणजे थारची खरी परीक्षा त्या सहा दिवसांत. आता पाहायचं, ती पास होते का?

कंपनी सांगते, थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा. फरशीवरचं पाणी धावतं असतं. इथे आर्किमिडीजला बोलवू या. गाडी चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरली, तर तळ झाला सात चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर दर दहा सेंटिमीटरला सुमारे ७०० किलोचा उचल बसतो! पाणी आत शिरायच्या आधीच गाडी हलकी होते, टायरची पकड सुटते आणि प्रवाह तिला बाजूला ढकलतो. दोन फूट धावतं पाणी भल्याभल्या गाड्या वाहून नेतं. पाणी गढूळ असलं, की फरशी खाली शाबूत आहे का, तेही दिसत नाही.

आमच्या मार्गावर वीस वर्षं जीप चालवणाऱ्या मामांना मी विचारलं. ते हसले. म्हणाले, "ताई, पानी खोल किती ते नंतर. आधी बघायचं, पानी चालतंय का. चालत आसंल तर थांबायचं. गाडी कुठली का आसंना!"

म्हणजे त्या सहा दिवसांत थारही नापास आणि थ्री-एक्स-ओही नापास. राहिले चिखलाचे इतर दिवस. तिथे थार नक्की पुढे जाईल, हे कबूल. पण मग मी आजीला मनातल्या मनात गाडीत बसवून पाहिलं. आम्ही पाहत होतो ती थार तीन दारांची. मागच्या बाकावर जायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, उंचावर चढायचं. तापानं फणफणलेली म्हातारी तशी चढणार कशी? आडवी कुठे होणार? सासूबाईंचा प्रश्न किती नेमका होता, ते मला तेव्हा कळलं. थ्री-एक्स-ओला मागे दोन्हीकडे स्वतंत्र दारं आहेत, बाक सलग आहे. झोळीतून आणलेल्या माणसाला तिथे निदान टेकवता तरी येतं. आणि पुढचे चाळीस किलोमीटर नाशिकपर्यंत डांबरीच आहेत!

तेव्हा आम्ही लहान गाडी घेतली. चिरंजीव दोन दिवस रुसले. तुम्ही शेतात राहत असाल, रोज कच्च्या वाटेनं जात असाल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि तेही बरोबरच असेल. प्रश्न एकच असला, तरी प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो. पण गाडी बदलल्यानं रस्ता बदलत नाही. पाड्याला हवाय तो उंच पूल आणि पक्की वाट. ते माझ्या पगारातून होण्यासारखं नाही. पालकांनी ग्रामसभेत तसा अर्ज दिला आहे. तो मुलांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्या मुलीला मी सगळं समजावून सांगितलं. गाडी पाड्यापर्यंत येणार नाही, हेही सांगितलं. तिच्या वहीत १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहून दिला, त्याखाली माझा आणि मामांचा. तिनं वही मिटली, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग पावसात गाडीचं तोंड नाशिककडं करून ठेवत जा, बाई. वळवायला वेळ नको."

आता पावसाळ्यात शाळेत पोचले, की आधी गाडी वळवून लावते. मगच घंटा.